नीनाकाकूंचा खांदा आणि आन्याची फी

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या डॉक्टर नीना रिसबूड यांनी निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं लहान मुलांना लसी टोचल्या. त्या स्वतः फ्लूची लस घ्यायला गेल्या, तेव्हा टोचणाऱ्याने सुई दंडाऐवजी फार वर, थेट खांद्यात घातली. उजवा हात वर जाईना. स्वेटर चढवायला नवऱ्याची मदत लागू लागली, आणि उल्हासराव दर वेळी आधी त्यांचं डोकं बाहीत अडकवत.

मैत्रिणीची मुलगी आन्या वकील होती. सरकारच्या योजनेतून अशा इजेची भरपाई मिळते, असं तिने सांगितलं. नीनाकाकू दोन महिने नकोच म्हणत राहिल्या. लसीविरुद्ध आपण कोर्टात जायचं, हे त्यांना पटेना. भांडण लसीशी नाही, सुई चुकीच्या जागी गेली एवढंच दाखवायचंय, असं आन्याने समजावल्यावर त्यांनी सही केली.

अडीच वर्षांनी तडजोड झाली. सत्तर हजार डॉलर. उल्हासरावांनी मनातल्या मनात, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, वकिलाचा एक तृतीयांश हिस्सा वजा केला आणि रविवारी आन्याला जेवायला बोलावलं. दुसरी पुरी वाढताना त्यांनी विषय काढला.

"तुझा वाटा किती ते सांग. संकोच करू नकोस."

"काका, वाटा नाहीच आहे. माझी फी कोर्ट सेपरेट अप्रूव्ह करतं आणि प्रोग्रॅमच देतो. तुमच्याकडून फी घेणं मला अलाउड नाही."

उल्हासरावांनी तेच तीनदा विचारलं. शेवटी आन्याने लॅपटॉप उघडून फीचा अर्ज दाखवला. तिने केलेल्या कामाचा सहा-सहा मिनिटांचा हिशेब होता, आणि त्यात एकच नोंद पुन्हा पुन्हा येत होती: क्लायंटच्या पतीचा फोन, शंका. एक्केचाळीस वेळा.

नीनाकाकूंना हसू आलं ते थांबेचना. पुरी हातातच राहिली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उल्हासराव आधी लाल झाले, मग तेही टेबलावर डोकं टेकून हसू लागले. आन्या म्हणाली की फोन वर्थ इट होते, एका फोनमुळे तर हरवलेला एमआरआय सापडला.

यथावकाश फी मंजूर झाली. पाकिटं पाठवणं हे कारकुनी काम, म्हणून त्या दोन तासांचे पैसे वकिलाच्या दराने द्यायला कोर्टाने नकार दिला. आन्याने खांदे उडवले. रागाचं पत्र उल्हासरावांनी लिहिलं, नीनाकाकूंनी ते पाठवू दिलं नाही.

पैसे जमा झाल्यावर उल्हासराव फिक्स्ड डिपॉझिटचं बोलत होते. नीनाकाकूंनी तोवर गरम हवेच्या फुग्यातल्या सफरीची तीन तिकिटं काढली होती.

आन्याला उंचीचं भय आहे, हे फुगा वर गेल्यावर कळलं. ती टोपलीच्या तळाशी डोळे मिटून बसली. खाली हायवे सुतळीएवढा झाला होता. नीनाकाकूंचा उजवा हात खांद्यापर्यंतच जायचा. तेवढाच उचलून त्या खालच्या अंगणातल्या अनोळखी लोकांकडे बघून हलवत होत्या आणि शाळकरी मुलीसारख्या खिदळत होत्या.

"काका, व्हॉट डू यू सी?" आन्याने खालूनच विचारलं.

उल्हासराव तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि वेताच्या फटीतून एकेक तळं, एकेक छप्पर तिला सांगू लागले.