आवळणारी चोळी

सेनगावाकडच्या एका गावात राहायची शालूबाई. तिचा धनी उकंडराव, लेक शिवशंकर, सून साधना आणि दारात वीसेक मेंढ्या. अन् शालूबाईच्या अंगावर मी, पुढून बांधायची हिरवी चोळी. बोलतेय ती मीच.

मला गोरेगावच्या जळबा शिंप्यानं शिवलं. कापड शालूबाईच्या भावानं दिलेलं. आधी लग्नाकार्यात मिरवले, मग रोजच्या वापरात आले.

औंदा शालूबाईला दम लागायला लागला. खोकलाही हटेना. ती म्हणायची, "ही चोळीच मेली आवळती." उजव्या उरात टणक काहीतरी हाताला लागायचं, तेही माझ्याच माथी. जळबानं माझी शिवण उसवून मला सैल केलं, एकदा, दोनदा. तरी दम लागायचाच. मला वाटायचं, मीच हिची वैरीण. लाजेनं मी गोळा व्हायचे. अन् खरी लाज पुढंच होती. ती गाठ रोज माझ्याखाली वाढत होती आणि मी तिला झाकत होते.

मग शालूबाईनं मला साधनापुढं टाकलं. "उसव गं अजून."

साधना माझ्याकडं पाहीना, सासूकडंच पाहत राहिली. "आत्याबाई, बांगड्या कोपरापर्यंत चढून राहिल्या तुमच्या. अंगानं वाळल्या, मग चोळी काहून आवळती? पाहू द्या."

"जा तिकडं! सुनेला कुणी ऊर दाखवतं काय?"

"मेंढीची कास दगडावाणी झाली की चार बाप्यांपुढं हात घालून पाहता. मेंढीला लाज न्हाई व्हय?"

शालूबाई हसली, हसता हसता खोकायला लागली, खोकता खोकता रडली. अन् पदर सुटला. गाठ साधनाच्या हाताला लागली.

जीपनं हिंगोलीचा दवाखाना, तिथून पुढं नांदेडचा. प्रत्येक खोलीत मला खिळ्याला टांगायचे. काखेतलं माझं ठिगळ साऱ्यांना दिसायचं. आधी म्हणाले, उराचा रोग दिसतो, ऊर काढावा लागेल. मग सुईनं गाठीतला तुकडा काढून तपासला.

डॉक्टरीणबाई शालूबाईजवळ येऊन बसली. "मावशी, हा रोग उराचा नाही. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तिथून उरात उतरलाय."

शालूबाईनं मान खाली घातली. "मी तर बिडीला हातसुदिक लावला न्हाई, बाई."

"न ओढणाऱ्यांनाही होतो. तुमचा काही गुन्हा नाही."

ऊर कापला नाही. तपासणीत निघालं की हिला एक रोजची गोळी लागू पडेल, आणि ती पडली. रोग मुळासकट गेला, असं कुणी म्हणत नाही. पण गाठ बसत गेली, खोकला थांबला. शालूबाई आता उकंडरावाला एका दमात शिव्या देती, अन् तो माणूस हसत ऐकतो.

परवा हापशावर शेजारची बेबीबाई तिच्या कानाशी लागली. "काय झालतं गं तुला?"

शालूबाई साऱ्या बायांत मोठ्यानं म्हणाली, "फुप्फुसाचा कॅन्सर. उरात उतरला होता. काहून? तुला लागतं काय हाताला काही?"

बेबीबाईचा हात पदराखाली गेला. शालूबाईनं तिची घागर तिथंच ठेवली आणि तिला घेऊन जीपकडं निघाली.

बायांनो, आमी चोळ्या ऊर झाकायला हाव. दुखणं झाकायला न्हाई.