हॉटेलातले ढेकूण आणि माझी खाट

हे कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. महाबळेश्वरचा ढेकूण स्ट्रॉबेरी-क्रीम मागतो. माझ्याकडे मागितलं, समोरासमोर.

"आकाराम, घाम पूस आदी आन् मग सांग," नानासो म्हणाला. भाऊसो हसला. माझे हे दोन जुने सोबती, गोठ्याच्या पडवीत माझ्या दोन्ही बाजूंना मांडीला मांडी लावून बसलेले. हसायचं काही नव्हतं. माझं डोकं तव्यासारखं तापलं होतं.

माझा लेक जयराज वाई-महाबळेश्वर टॅक्सी चालवतो. पावसाळ्याच्या तोंडाला तिथल्या एका हॉटेलानं जुनं सामान विकायला काढलं, आणि हा शहाणा टॅक्सीच्या टपावर तांबडा मखमली सोफा बांधून घेऊन आला. सूनबाई अंकिता सांगलीची, हळदीच्या पेठेतली. तिनं सोफ्याला हळदकुंकू वाहिलं. वाहायची होती डीडीटी.

थोड्याच दिवसांत नात शिवांजली अंग खाजवायला लागली. अंकिता म्हणाली, "आबा, हिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दिसतेय." झालं. घरातली शेंगदाण्याची चटणी बंद. सातारा जिल्ह्यात, स्वतःच्या रानात भुईमूग उभा असताना, मी कोरडी भाकरी चावत बसलो. खाज काही थांबली नाही. मग डासांचं नाव निघालं. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, घरातलं वारं गेलं, खाज राहिली. मग म्हणे पिसवा. घरच्या गरीब कुत्र्याला कडुनिंबाच्या पाण्यात इतकं घोळलं, की अजून तो मला बघून तोंड फिरवतो. बादली मी धरली होती ना.

मी कानीकपाळी ओरडत होतो. अरे, डास चावतो तो एक इथं, एक तिथं. पिसू घोट्याला धरते आणि हात नेला की उडी मारते. पोरीचा दंड बघा, चावे एका ओळीत आहेत. ओळीनं जेवायला कोण बसतं? ढेकूण. त्याची पंगतच असते. पण म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण.

शेवटी एका दुपारी मीच सोफ्याची गादी उलटी केली. शिवणीत काळे ठिपके, सुईनं शाई टोचल्यासारखे. वाळलेली पांढुरकी कात. आणि मसुराएवढे चपटे, तांबूस, एकमेकांना बिलगून बसलेले. एक चिरडला. तो वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखू येतो.

लेकाला-सुनेला हाक मारून दाखवलं. अंकितानं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "आबा, हे तुमच्या खाटेतून आलेत."

माझ्या खाटेतून. पलटणीतून सुट्टीवर आलो होतो तेव्हा बांधावरची बाभळ पाडून करून घेतलेली नवारीची खाट. दर उन्हाळ्यात उन्हात टाकून तिच्या सांध्यासांध्यात मी आधण ओततो. माझी पाठ दुसऱ्या कशावर टेकत नाही, आणि ही म्हणते खाटेतून.

"घरात एक तर सोफा राहील, नाही तर खाट," अंकिता म्हणाली. "आमच्या सांगलीत असल्या खाटा कधीच गेल्या."

"जयराज, तू तरी बोल की रं."

"आबा, सोफा नवा हाय."

"नवा? त्येच्यावर निम्म्या मुंबईनं घोरून घेतलंय."

"बाभळ चांगली वाळलीया," तो म्हणाला. "बंबाला चालंल."

बंबाला. माझ्या पाठीखालचं लाकूड ह्यांच्या आंघोळीच्या पाण्याला. माझ्या कानातून वाफ निघाली.

मग म्हटलं, साक्षीदारालाच विचारू. त्यातला सगळ्यात थोराड ढेकूण, कासवाएवढा, मी मानगुटीला धरून बाहेर ओढला. "कुठला रं तू?"

"पॉइंटावरचा," तो म्हणाला.

"हितं कशाला मराया आलास?"

"सीझन संपला. वर गिऱ्हाईक न्हाई." आणि वर मलाच विचारतो, स्ट्रॉबेरी-क्रीम कवा मिळंल.

"आवं, ढेकूण मराठी कसा बोलंल?" भाऊसोनं विचारलं.

"हाटेलातले वेटर कुठले असत्यात? आपल्या जावळीतलेच की. त्यांच्याकडनं शिकला."

"बरं, फुडं."

पुढं काय, मी त्याला ठेचा दाखवला. त्यानं रागानं माझ्या दंडाला चावा घेतला, तर फौजेतलं रक्त ते, तिखट. डोळ्यांतून पाणी काढत खोकत बसला. अंकितासमोर त्यानं कबूल केलं की तो सोफ्यातूनच आलाय, खाटेशी त्याचा संबंध नाही. तरी ती बाई ढिम्म. जयराज तर आतून कुऱ्हाड घेऊनच आला.

मग माझा तोल गेला. सोफा एकट्यानं डोक्यावर घेतला, भर गल्लीतून घाटावर गेलो, आणि दिला कृष्णेत भिरकावून. पाणी चढलेलं. सगळे ढेकूण सोफ्याच्या काठावर बसून हात हलवत निघाले, थेट सांगलीला, सुनेच्या माहेरी. जयराजची कुऱ्हाड हातातच राहिली. माझ्या खाटेला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आता तिच्यावरच जाऊन ताणून देणार आहे.

नानासो मघापासून मांडी खाजवत होता. तो उठला, धोतर झटकलं, आणि वाकून आपण बसलो होतो ती जागा नीट बघितली.

"आकाराम," तो म्हणाला, "सोफा नदीत गेला म्हंतोस. मग गड्या, हे तांबडं मखमली काय हाय, ज्येच्यावर आमाला बशीवलंयस? आन् सकाळी तुज्या बंबातनं बाभळीचा धूर कसला येत हुता?"