लोखंडी मानसाचा हात

अवं आयका ना पोरीहो, चाय ठेवा खाली! आमच्या आसेगावात शायेसमोर ही गर्दी! झाडावर पोट्टे, भिंतीवर बाया, अन् मधात पत्र्याचा मानूस. डोये लाल काचेचे, उजवा हात पुढं केलेला. बाजूले त्याले घेऊन आलेला बुवा, लोहबाबा, वरडून राह्यला, "याले कातडी नाई, पन स्पर्श समजते! चांगल्याचा हात सोडते, चेटकिनीचा धरून ठेवते! चंद्रावर याचाच भाऊ गेलता!"

"मंग हा काहून राह्यला खाली?" मांगून कोनीतरी बोललं. बाबाले आयकूच आलं नाई.

आमच्या गावच्या बापूरावचं लेकरू त्याच हप्त्यात हगवनीनं गेलतं. थो म्हने, कोन्या बाईनं चेटूक करून खाल्लं. अन् बाबाची सकायची चाय बापूरावच्याच घरी झालती, कोनावर संशय हाय थे थितंच समजलं त्याले!

रांग लागली. देवाले जातो तसंच, चपला काढा, पाय धुवा. मंग ओल्या पायानं लोखंडी तव्यावर उभं राहा अन् हात मियवा. गोमतीबाईनं मियवला, काई नाई. हेमसिंगनं मियवला, काई नाई. मंग माही कस्तुरामावशी, एकटी रायते, बापूरावच्या शेजारी. तिनं हात धरला, अन् बाबानं धूप घालतो म्हनून पुतळ्याच्या पाठीतल्या भोकात हात खुपसला.

मावशी थरथराले लागली! बोटं सुटेचनात. "सोडव वं माय!"

"सापडली!" बाबा वरडला.

बेबीताई, आमच्या शायेतली मास्तरीन, धावली. मावशीले धरलं तशी थे बी झटक्यानं आपटली. मावशी पडली, अन् बापूरावनं तिच्या हातावर काठी हानली. हाड मोडल्याचा आवाज मी आयकला, पोरीहो! हेमसिंगनं केसाले धरून फरफटलं. गोमतीबाई म्हने, "दात पाडा, दात! मंतर बंद होते!" तोंडातून रक्त. मी मधात पडली त माह्या कानाखाली बसली. कोनी राकेलची बाटली आनली.

"थांबा!" बेबीताई उठली. "मले बी झटका बसला. मी बी चेटकीन? पेटवा मले!"

सगये थबकले. तिनं दगडानं पुतळ्याच्या पाठीचं झाकन तोडलं. आत जुन्या टेलिफोनचं यंत्र, हँडल फिरवून घंटी वाजवते थे, फिरवलं का करंट येते! एक तार पुतळ्याच्या हाताले, दुसरी तव्याले.

"बापूराव, पुतळ्याचा हात धर. हेमसिंग, तू बापूरावचा. गोमतीबाई, तुमी हेमसिंगचा धरा अन् तव्यावर उभ्या राहा. भेता कायले?"

"भेते कोन?" बापूराव म्हने.

"हँडल फिरव वं, दुर्गे!" बेबीताईनं मले सांगतलं.

मी फिरवलं ना दात खाऊन! तिघंबी एकदमच किंचायले. बापूरावची बोटं बी सुटेनात. मी थांबली तवा कुठी सुटला.

"आता सांगा, तिघांत चेटकीन कोन?"

बाबा पयाले लागला. लोकायनं धरून तुडवला, नाक फोडलं, थेच बाटली त्याच्या डोक्यावर धरली. बेबीताईनं हिसकली. "याले पोलिसात द्या. यंत्राले चांगलं-वाईट काय समजते? हँडल फिरवनाराले समजते! लेकरू हगवनीनं गेलं, बापूराव. पानी उकयून पेजा, दवाखान्यात जाजा."

मावशीले बैलगाडीत घालाले बापूराव वाकला. तिनं मोडला नाई थो हात मांगं घेतला. "तू नको लावू हात."

म्हून सांगतो पोरीहो, कोनी असा चमत्कार दाखवला त पाया पडाच्या आधी पाठीमांगचं झाकन उघडा. अन् काठी उचलाच्या त लय आधी.