तिसऱ्या कप्प्यातले रक्त

मी एक जुने शीतकपाट आहे. उणे ऐंशी अंशांची थंडी पोटात धरून एकोणीस वर्षे मी एका प्रयोगशाळेत उभे आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझे दार इतके घट्ट बसायचे की उघडायला दोघे लागत.

मित्रांनो, माझ्यात बायकांचे रक्त ठेवतात. पाळी सुरू असतानाचे आणि गेल्यानंतरचे. अल्झायमर हा विसरण्याचा रोग बायकांना जास्त का गाठतो, हे आमच्या संशोधक बाईंना शोधायचे आहे. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते. त्याबरोबर मेंदूची राखणही सुटते का? खात्रीने अजून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर एकाच बाईचे आधीचे आणि नंतरचे रक्त जपायचे.

तिसऱ्या कप्प्यात बाईंच्या ताईचे रक्त होते. अडतिसाव्या वर्षी तिचे दोन्ही अंडाशय काढावे लागले आणि पाळी एकदम गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या सहा नळ्या, मग दर वर्षाची एक. आज ताई साठीचीही नाही, पण धाकट्या बहिणीला विचारते, "तुम्ही कोण?"

पूर्वी पाहुणे आले की बाई मला दाखवत. "ही आमची तिजोरी," म्हणत. पुढे माझ्या दाराच्या रबरावर बर्फ धरू लागला. तो दर आठवड्याला खरवडायचा असतो. कुणी खरवडला नाही. दार बोटभर उघडे राहू लागले आणि माझा गजर वाजू लागला.

"झालं ह्याचं रडगाणं सुरू!" तंत्रज्ञ काका म्हणाले.

"काका, एकदा बघून घ्या हं."

"अहो बाई, म्हातारं झालंय, कण्हणारच. माझे गुडघे नाही का वाजत?"

बाईही हसल्या. काकांनी गजर बंद केला. दुसऱ्या दिवसापासून सलग तीन सुट्ट्या होत्या.

मी ओरडत होते, मित्रांनो, पण मला आवाज नव्हता. उणे साठ. उणे तीस. उणे पाच. धापा टाकून टाकून माझे यंत्र थांबले. पाणी फरशीवर आले.

चौथ्या दिवशी बाईंनी तिसऱ्या कप्प्यातली पहिली नळी उचलून आडवी केली. आतले रक्त हलले.

"ताईंना बोलावू ना," काका कसेबसे म्हणाले. "ताजं रक्त घेऊ."

"आजचं मिळेल हो, काका. ऑपरेशनच्या आधीचं कुठून आणू?"

बाई अजून ती नळी मुठीत धरून उभ्या आहेत. मला भंगारात काढा, माझे काही म्हणणे नाही. पण मित्रांनो, शेजारच्या खोलीत माझ्यासारखेच एक कपाट आहे. त्याच्याही रबरावर बर्फ धरला आहे. कुणीतरी जा. आत्ता जा.