मसाल्याच्या ओळीवरचा फोटो

माझी बायको शालन गेली. तिचा तांबडा रस्सा तिच्याबरोबर संपू नये म्हणून मी तिच्या फोटोसकट त्याची कृती ब्लॉगवर टाकली. माझ्या फोनवर नीट दिसायची. शेजारच्या भैरवीनं लॅपटॉपवर उघडली, तर फोटो घसरून मसाल्याच्या ओळीवर बसलेला.

"काका, स्क्रीन लहानमोठी झाली की मांडणी हलती. फोटोची रुंदी टक्क्यांत दिली की जाग्यावर जाईल."

"मसाल्याचं माप दिसतच न्हाय व्हय?"

"न्हाय. काकूंनी झाकून धरलंय की."

मला हसू आलं. ते माप शालननं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, घरी या, वाढते.

"फोटो सरळ कर," मी म्हणालो, "पण ती ओळ काढ. तिथं लिही, चव पाहिजे त्यानं घरी जेवायला यावं."

"मग रविवारी येऊ?"

"ये की."