जोडीचा भाव

तांड्यात शिलाई मशीन एकच होती आणि ती रुपीबाईची होती. रुपीबाई मशीन द्यायला कोणाला नाही म्हणत नसे. ती आधी चहाला बसवी, मग आपल्या गुडघ्यांची हकिगत सांगे, मग मशीनवर अर्धवट राहिलेलं स्वतःचं ब्लाऊज दाखवून, एवढी बाही झाली की तुझंच, असं म्हणे. ती बाही उन्हं उतरेपर्यंत चाले. संगीतानं लग्नाआधी दारव्ह्याला शिवणाचा क्लास केला होता. हातात कला होती, गिऱ्हाईकं होती, पण तिचा सारा धंदा रुपीबाईच्या बाहीत अडकून पडला होता.

अशात सेवालाल जयंतीचा कार्यक्रम आला. नाचणाऱ्या पोरींचा गट कॉलेजात जाणाऱ्या सलोनीचा. तिला सगळ्यांसाठी एकसारखे घागरे हवे होते. कापड घेऊन ती आधी संगीताकडे आली आणि वहिनी, तोवर मशीन घरची होईल ना, एवढंच तिनं विचारलं. नाही म्हटलं असतं तर कापड तसंच पुढं रुपीबाईकडे गेलं असतं. संगीता हो म्हणाली. नसलेल्या मशीनवर तिनं ऑर्डर घेतली आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला.

पैसे होते. बचत गटातले आणि शिवणाचे मिळून आठ हजार तिनं बाजूला ठेवले होते. कोणती मशीन घ्यायची, हे मात्र ठरेना. बहीण म्हणाली उषा घे, भावजय म्हणाली सिंगर घे, आणि दोघींनी आपापली सोडून दुसरी कधी चालवली नव्हती. नवरा शाम रोज मोबाईलवर व्हिडिओ पाहू लागला. त्याचं मन ‘सिल्विया’ नावाच्या पांढऱ्या, विजेवरच्या मशीनवर बसलं होतं. एकवीस तऱ्हेचे टाके, बटण दाबलं की काज, सुईत दोरा ओवायची सोय, किंमत अकरा हजार नऊशे. संगीताचा हिशेब साधा होता. तांड्यावर वीज पाहुण्यासारखी येते. घागऱ्याचा नेफा म्हणजे जाड कापडाच्या चार-पाच घड्या, वर भरतकाम, त्यावर आरसे. तिला ‘राजहंस’ची काळी, लोखंडी, पायानं चालवायची मशीन पाहिजे होती. टेबल-स्टँडसकट सात-साडेसात हजारात बसत होती, आणि पुढं कधी पैसा आला तर मोटर लावता आली असती. एकवीस टाक्यांपैकी वीस आपण कधी मारणार नाही, हे तिनं शामला पटवून दिलं. तो हिरमुसला, पण पटलं.

एवढ्यात तिच्या सासऱ्यानं घसा खाकरला आणि खरेदी आपल्या हाती घेतली.

फुलचंदनं उभं आयुष्य बैल घेण्यात घालवलं होतं. स्वतःसाठी कमी, दुसऱ्यांसाठी जास्त. बैल पाहायचा तर फुलचंदला घेऊन जा, असं चार गावांत म्हटलं जाई. मग घरोघरी ट्रॅक्टर आले आणि त्याला बाजाराला चला म्हणणारं कोणी उरलं नाही. ट्रॅक्टर घेताना कोणी फुलचंदला विचारत नाही. मशीन घ्यायची म्हटल्यावर त्यानं पेटीतला धुतलेला दुपट्टा काढून खांद्यावर टाकला आणि सुनेला सांगितलं की पहिल्या बाजारात जनावर घ्यायचं नसतं, आणि आपल्या गावच्या बाजारात तर सगळ्यात शेवटी जायचं.

म्हणून जवळचं नेर सोडून ते आधी दारव्ह्याला गेले. तिथं राजहंस सात हजार सहाशेला होती. फुलचंदनं ती चालवायला लावली आणि बैलाच्या पोटाला लावावा तसा तिच्या अंगाला कान लावला. मग तिला तिरकी करून खालून पाहिली, मागून पाहिली, आणि आतापर्यंत कोणाकडे होती हे विचारलं. नवी कोरी आहे, दुकानदार म्हणाला. फुलचंदला ते आवडलं नाही. जे कोणाच्याच दावणीला राहिलं नाही, त्याचा स्वभाव कळावा कसा.

पुढच्या खेपेला यवतमाळ. तिथं सात हजार दोनशे, पण स्टँड वेगळं. फुलचंदनं एक दिवस घरी नेऊन चालवून पाहतो म्हटलं. बैल तसा देतात, वखराला जुंपून पाहायला. दुकानदारानं अनामत मागितली. माझ्या शब्दावर अनामत, असं म्हणून फुलचंद जो बाहेर पडला तो थेट बसस्टँडवर जाऊन बसला. संगीता मागून पिशवी सांभाळत आली. जयंती जवळ येत होती. सलोनी रोज घरावरून जाताना, झाले का वहिनी, म्हणून विचारत होती, आणि संगीता कटिंग चालू आहे म्हणून सांगत होती. ते खोटं नव्हतं. कटिंग करून ठेवण्यापलीकडे तिच्या हातात काहीच नव्हतं.

शेवटी नेरच्या बाजाराचा दिवस उजाडला. सासू धुरपताबाईला आपल्या काही बकऱ्या विकायच्या होत्या, म्हणून तीही सोबत आली. बकऱ्या सकाळीच चांगल्या भावात गेल्या आणि ती त्यांच्याबरोबर मशीनच्या दुकानात येऊन पंख्याखाली बसली. आज मशीन घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं संगीतानं मनाशी ठरवलं होतं. सासऱ्यानं पाय आपटले तरी नाही.

दुकान ऋतिक नावाच्या पोराचं होतं. त्याचे वडील सदाशिवराव नुसते गल्ल्याशेजारी बसून असत. घरची कपाशी-तुरीची शेती बटाईनं दिलेली, दुकानातलं काही कळत नाही म्हणून मुलगा काही विचारत नाही, असा त्यांचा दिवस जाई. ऋतिकनं राजहंस सात हजार पाचशे सांगितली, फिक्स रेट.

फुलचंदचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो सदाशिवरावांकडे पाहत होता. सदाशिवराव त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहत होते.

“बैलाच्या बाजारात पाह्यलं तुमाले,” सदाशिवराव म्हणाले. “लई वर्षं झाली.”

फुलचंदनं हात पुढं केला आणि वर दुपट्टा टाकला. सदाशिवरावांनी खुर्ची पुढं ओढली, बाही सारली आणि आपला हात दुपट्ट्याखाली घातला.

बैलांचा भाव असाच होतो. तोंडानं आकडा बोलायचा नाही, बोटं धरायची. घेणारा आणि देणारा सोडून तिसऱ्याला कळत नाही. ऋतिकला कळेना की आपले वडील गिऱ्हाइकाचा हात धरून काय करताहेत. दुपट्ट्याखाली बोटं हलत होती. कधी फुलचंद हात सोडवून उठल्यासारखं करी, कधी सदाशिवराव मान फिरवून रस्त्याकडे पाहत. मधेच दोघं बैलांवर, पाण्यावर, मेलेल्या दलालांवर बोलत, पण हात आतच. एक गिऱ्हाईक सुया मागायला आलं आणि सुया विसरून पाहत उभं राहिलं. सदाशिवरावांचा चेहरा असा उजळलेला ऋतिकनं दुकान उघडल्यापासून पाहिला नव्हता. संगीताचं लक्ष फक्त दुपट्ट्यावर होतं. त्या कापडाखाली तिची मशीन होती.

शेवटी फुलचंदनं हात काढून सदाशिवरावांच्या तळव्यावर मारला. सौदा पक्का झाला. संगीतानं पैशांची पिशवी उघडली.

“दोन काढ,” सदाशिवराव मुलाला म्हणाले.

“दोन?” ऋतिकनं विचारलं.

संगीता सासऱ्याकडे पाहत होती, म्हणून तिला दिसलं. दोन हा शब्द ऐकून फुलचंदचे डोळे क्षणभर तिच्यासारखेच मोठे झाले होते. दुपट्ट्याखाली हात गेला की सवयीनं भाव जोडीचाच. जन्मभर त्यानं जोडीचाच केला होता, आणि सदाशिवरावांनीही. एकट्या बैलाचा भाव बोटांवर कसा करतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा सावरला.

“दोनच. मंग?” तो म्हणाला. “एक बैल घेऊन कोणी घरी जाते काय?”

कितीला, हे विचारल्यावर सदाशिवरावांनी मुलाच्या हाताची बोटं धरून सांगायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा नाइलाजानं कॅल्क्युलेटरवर आकडा दाबला. दोन राजहंस, स्टँडसकट, तेरा हजार. एका मशीनमागे हजार रुपये तुटलेले पाहून ऋतिक खाली बसला.

भाव उत्तम होता. दारव्ह्यात नाही, यवतमाळात नाही, शामच्या मोबाईलातही नाही. फक्त संगीताजवळ आठ हजार होते. तिनं हळूच सुचवलं की यातली एक घेऊ, साडेसहा हजारात. दोन्ही म्हाताऱ्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की जणू तिनं बैलाचा अर्धा भाग मागितला होता. जोडी फोडायची नाही, असं सदाशिवराव म्हणाले. हात मारल्यावर शब्द बदलायचा नाही, असं फुलचंद म्हणाला. मग सौदाच मोडा, ऋतिक आशेनं म्हणाला. त्याला बापानं दुकानाच्या मागं जायला सांगितलं.

संगीताच्या डोळ्यांपुढं सलोनी आली, कापडाची कापलेली थप्पी आली, आणि ती थप्पी घेऊन चहाला बसवणारी रुपीबाई आली. तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं परत जायचं. तिचे डोळे भरून येऊ लागले.

“दुसरी माही,” पंख्याखालून आवाज आला.

धुरपताबाई उठली होती आणि कमरेची पिशवी सोडत होती. बकऱ्यांचे पैसे तिचे होते. घरात त्यावर कोणी कधी हक्क सांगितला नव्हता, आताही नाही. फुलचंदनं फक्त विचारलं की तुला चालवता येते काय.

“लगनाच्या वक्ती तुमाले कुठं वखर हाकलता येत होता,” ती म्हणाली. “म्या काई म्हणलं?”

छोट्या टेम्पोत दोन्ही मशीनी बांधून ते तांड्यावर आले. फुलचंद सारी वाट मागं तोंड करून बसला, जोडीवर नजर ठेवून. नवी जोडी आली की पायांवर पाणी घालून कुंकू लावायचं असतं. धुरपताबाई तांब्या घेऊन आलीच. लोखंड गंजेल म्हणून संगीतानं हात धरला, तेव्हा चार थेंबांवर तडजोड झाली. मग एक मशीन खिडकीच्या डाव्या बाजूला लागली, एक उजव्या. रुपीबाई पाहायला आली, उभ्याउभ्याच चहा पिऊन गेली.

संगीताची मशीन दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धावू लागली. नेफ्याच्या घड्या तिनं कोणालाही न विचारता, कोणाचीही बाही संपायची वाट न पाहता शिवल्या. शेजारी धुरपताबाई बसे. हाताच्या टाक्यात तिच्या तोडीची बाई तांड्यात नव्हती, पण पायडल तिला ऐकत नसे. चाक उलटं फिरे, दोरा तुटे, ती मशीनला शिव्या देई आणि पुन्हा बसे. शिकवलेलं तिला चालत नव्हतं. संगीतानं तिला घेराची सरळ किनार दिली. ती किनार बैल बुजल्यासारखी जाई, दोन वीत सरळ आणि मग बांधाकडे.

धुरपताबाई उरलेल्या बकऱ्या आणायला गेली की संगीता ती किनार उसवी आणि आपल्या मशीनवर पुन्हा मारी. सासू परत येई तोवर कापड होतं तिथं, तसं घडी करून ठेवलेलं असे.

जयंतीच्या आदल्या दिवशी सलोनी घागरे न्यायला आली. तिनं एकेक उलटून पाहिला, नेफा ताणून पाहिला, आणि एका घागऱ्याच्या किनारीवर बोट फिरवत म्हणाली की ही फार सरळ आलीय. ती किनार धुरपताबाईची होती. म्हणजे घरात तसं मानलं जात होतं.

सलोनी गेल्यावर धुरपताबाईनं आपल्या मशीनवर पदर फिरवला, धूळ नव्हती तरी.

“दोघीत माहीच चांगली निघाली,” ती म्हणाली. “तुही जरा अडते. म्या बकऱ्या आणताना लांबूनच आईकून राह्यलो न रोज, सारखी खडखड.”

उसवलेल्या किनारी पुन्हा मारतानाची ती खडखड होती. दाराशी फुलचंद ऐकत बसला होता. खरं सांगायला संगीतानं तोंड उघडलं, पण आईला म्हणतात तसं सासूला याडी म्हणत तिनं दुसरंच विचारलं.

“मंग बदलून घ्याची काय, याडी? तुमी माही घ्या, मी तुमची घेतो.”

“नाई,” धुरपताबाई घाईनं म्हणाली आणि चाकावर हात ठेवला. “कायले? तुही तुलेच ऱ्हाऊ दे. म्या त हातबी नाई लावत तिले.”

“बरं,” संगीता म्हणाली, आणि आपल्या मशीनला तेल द्यायला बसली.