आठ काळवंडलेल्या सिगारी

थोरला जाऊन तीन महिने झाले होते. एका शनिवारी दुपारी वहिनी सिगारची पेटी घेऊन धाकट्याच्या घरी आली. पेटी लाकडी होती आणि चांगली जड. जुन्या चादरीत गुंडाळून, तीन जिने चढून तिने ती आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून दम खाल्ला.

"भाऊजी, ही आता तुम्ही सांभाळा. दर आठवड्याला हिला पाणी पाजणं माझ्याच्याने होत नाही."

पाणी पाजणं म्हणजे खरोखरच पाणी पाजणं. पेटीच्या झाकणाला आतून एक स्पंज होता. तो ओला ठेवला तर सिगारी मऊ राहतात, वाळला तर त्यांचा पालापाचोळा होतो. थोरला दर सोमवारी सकाळी औषधाच्या ड्रॉपरने त्यात पाणी सोडायचा.

"किती आहेत?" धाकट्याने विचारलं.

"मी मोजल्या नाहीत. तुम्ही बघा. किती ओढायच्या आणि किती ठेवायच्या, तुमचं तुम्ही ठरवा. तुमचं दोघांचं तेच तर भांडण होतं."

धाकटा चौपन्न वर्षांचा होता, पण नात्यागोत्यात सगळ्यांसाठी तो धाकटाच. त्याचा व्यवसाय दात बनवण्याचा, एका दातांच्या लॅबमध्ये. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि हा खिडकीजवळच्या बाकावर बसून प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, ते घासायचा. दातांच्या रंगांची पट्टी समोर असायची, पण त्याला तिची गरज पडत नसे. पांढऱ्यातले सोळा पांढरे तो नुसत्या नजरेने ओळखायचा. "याच्या डोळ्यांतून केसभर फरक सुटत नाही," असं तिथे सगळे म्हणत.

थोरला गेला तेव्हा याच डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. त्याने माणसांना फोन केले, कागदपत्रं केली, वहिनीच्या माहेरच्यांना स्टेशनवर आणायला गेला. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीरबीर काही नव्हता. दात काढताना सुई टोचली की गाल बधिर होतो, तसं झालं होतं. गाल आपलाच, पण चावला तरी पत्ता लागत नाही. फक्त ती सुई तासाभरात उतरते. ही उतरली नव्हती.

थोरला एका मोठ्या हॉटेलात तीस वर्षं स्वागतकक्षावर होता. स्वभाव असा गोड की पाहुणे जाताना हातात काहीबाही ठेवून जात, आणि एकदा याला सिगार आवडते हे कळल्यावर सिगारीच ठेवू लागले. तो प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचा. चिठ्ठीवर खोलीचा नंबर आणि पाहुण्याबद्दल एखाददुसरी ओळ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारची जेवणं झाली की दोघे भाऊ थोरल्याच्या गॅलरीत बसत, एकेक सिगार काढत, आणि पेटवण्याआधी थोरला चिठ्ठी वाचून दाखवी.

"खोली एकशे बारा. शेजारचा घोरतो म्हणून तीन रात्री तक्रार. शेजारची खोली रिकामी होती." हे वाचून तो स्वतःच इतका हसायचा की काडी विझायची.

थोरला निवृत्त झाला आणि नव्या सिगारी यायच्या थांबल्या. तेव्हापासून भांडण सुरू झालं. धाकटा म्हणे, दोन-दोन ओढू, वस्तू वापरायला असते. थोरला म्हणे, पेटी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. "पेटी अर्धी झाली की माणसाला शेवट दिसायला लागतो रे, मग चव जाते." भांडण कधी मिटलं नाही, कारण दोघांनाही ते मिटवायची घाई नव्हती.

रविवारी सकाळी धाकट्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पेटी उघडली. बायको भाजी निवडायची सोडून शेजारी येऊन बसली.

"रक्तदाबाच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरू नका," ती म्हणाली. "ठेवायच्या तेवढ्या ठेवा, शोभेला."

"हं."

स्पंज दगडासारखा कडक झाला होता. वरच्या थरातल्या सिगारी त्याने एकेक उचलून कानाजवळ धरल्या आणि बोटांनी हलकेच दाबल्या. करकर आवाज आला की ती सुकलेली. अशा अकरा निघाल्या. खालच्या छत्तीस मात्र अजून मऊ होत्या. त्याने दोन ढीग केले. काम म्हणून त्याला ते बरं वाटत होतं, जसे साच्यांचे ढीग करावेत तसं.

तळाशी बटरपेपरची एक पुडी होती. ती उलगडली तर आत आठ सिगारी. टोकं कापलेली, दुसऱ्या बाजूला जेमतेम नखाएवढा भाग काळा. पेटवून लगेच विझवलेल्या. चिठ्ठ्या तशाच बांधलेल्या होत्या.

त्याने पहिली वाचली. खोली तीनशे सात, चार दिवस एकच गाणं गुणगुणणारा माणूस. ही चिठ्ठी त्याने ऐकलेली होती, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर कधीतरी. पण खाली वेगळ्या पेनने आणखी एक ओळ होती. "पेटवली. ओढवली नाही. धाकट्याला कळलं नाही, बरं झालं."

दुसऱ्या चिठ्ठीवर तेच. तिसरीवर फक्त "आजही कळलं नाही." पुढे अक्षर बारीक आणि तिरकं होत गेलं होतं. आठवीवर एकच शब्द होता, "नाही," आणि तोही काना ओढता ओढता खाली घसरलेला.

थोरल्याला पोटाचा कर्करोग होता. धाकट्याला तो कळला शेवटच्या सतरा दिवसांत, इस्पितळात. त्याआधी आठ महिने तो दर पहिल्या रविवारी त्या गॅलरीत, थोरल्यापासून हातभर अंतरावर बसत होता.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

त्याने चिठ्ठ्या तिच्याकडे सरकवल्या. तिने वाचल्या आणि पदर तोंडाला लावला. तो उठला, आदल्या रात्रीची भांडी सिंकमध्ये पडली होती ती घासू लागला. सगळी घासून झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पाणी गार आहे आणि बोटं लाल झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो तंबाखूच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा, थोरल्याला ओळखणारा. त्याने काळवंडलेली एक सिगार नाकाजवळ नेली आणि परत दिली.

"एकदा पेटवून विझलेली सिगार पुन्हा ओढू नये. आतली राख मुरते. जहर कडू लागते."

"आणि ओढली तर?"

"मरणार नाही कोणी. पण कशाला?"

धाकट्याने सिगार खिशात घातली. तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "ठरलं. आठ ओढायच्या. बाकीच्या वहिनी म्हणतील तसं."

"कुठल्या आठ?" म्हणून तिने विचारलं, आणि मग तिला कळलं. रक्तदाबाचा विषय तिने काढला नाही.

पहिल्या रविवारी तो पेटी घेऊन वहिनीकडे गेला. गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या तशाच होत्या. वहिनीने सवयीने त्याच्यासमोर ॲशट्रे ठेवली, मग क्षणभर उभी राहून थोरल्याच्या खुर्चीत बसली. सव्वीस वर्षांत अशा पहिल्या रविवारी ती गॅलरीत कधी बसली नव्हती. धुराने तिचं डोकं दुखायचं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने चिठ्ठ्या पुढे केल्या.

"चिठ्ठ्यांचं नाही. आजाराचं माहीत होतं. मला शपथ घातली होती. म्हणाले, धाकटा आला की तो माझ्याकडे बघून रडवेला होईल, मग रविवारचं काय राहिलं?"

"मी रडलो नाही."

"माहितीये मला."

"आत्ताही रडू येत नाही. चिठ्ठ्या वाचल्या आणि भांडी घासली मी."

वहिनीने काही समजूत घातली नाही. "पडदे धुतले मी गेल्या महिन्यात," ती म्हणाली. "सिगारचा वास जावा म्हणून किती वर्षं कटकट केली. धुतले, वाळले, लावले, आणि मग बसले नुसती. पेटवा तुम्ही."

त्याने तीनशे सात पेटवली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. पहिल्याच झुरक्याला जीभ आकसली, घशात जळकी चव उतरली. त्याने दुसरा झुरका घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुराचं होतं. फरक त्याला कळत होता.

"फेका ती," वहिनी म्हणाली.

"नाही. ही त्याच्या वाटणीची. अर्धवट राहिलेलं काम आहे."

"त्यांनी तुम्हाला सांगितलंय का पुरं करायला?"

"कोणीच काही सांगितलं नाही वहिनी. तोच तर घोळ आहे."

त्याने ती शेवटपर्यंत ओढली.

उरलेल्या छत्तीस चांगल्या सिगारींचं वहिनीनेच ठरवलं. हॉटेलातली जुनी माणसं अजून फोन करत, दरवान, खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या बाई, स्वयंपाकघरातला मुख्य. तिने एकेकाला बोलावून सिगारी दिल्या आणि चिठ्ठ्या सोडवून स्वतःकडे ठेवल्या. सुकलेल्या अकरा तिने कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये सारल्या. धाकट्याने हो म्हटलं. त्याला सगळंच सारखं वाटत होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी दुसरी, त्याच्या पुढे तिसरी. चौथ्या खेपेला बायकोही बरोबर आली आणि दोघी जावा आत बोलत बसल्या. कामावर एकदा त्याने एका बाईंच्या पुढच्या दाताचा रंग चुकवला. दंतवैद्याने तो परत पाठवला तेव्हा बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघू लागले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने नवा बनवून दिला.

पाचवी सिगार त्याने पेटवली तो दिवस ढगाळ होता. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार मागे घेत होतं, दुसरा हात हलवून "येऊ दे, येऊ दे" सांगत होता. धाकटा आणि वहिनी गॅलरीतून ते बघत होते. कडू चवीची आता जिभेला सवय झाली होती. अर्धी सिगार संपल्यावर धाकट्याने विचारलं, "दुखायचं का त्याला?"

वहिनी त्याच्याकडे वळली. इतक्या महिन्यांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"दुखायचं," ती म्हणाली. "रात्री जास्त. उशी पोटाशी धरून बसायचे. रविवारी सकाळी औषधाची गोळी जास्तीची घ्यायचे, तुम्ही यायच्या आधी. तुम्ही गेलात की संध्याकाळभर झोपून राहायचे."

"मी काय बोलायचो तेव्हा?"

"तुमच्या त्या नव्या साहेबाबद्दल. तो दात मोजायलासुद्धा यंत्र लावतो ते. मागाहून मला सांगून हसायचे ते."

"हसायचा?"

"हसताना दुखायचं. तरी हसायचे."

धाकट्याने मान हलवली. सिगार बोटांत विझली होती. त्याने काडीपेटीकडे हात नेला तेव्हा वहिनीने ती उचलून आपल्या मांडीवर ठेवली.

"पुरे आता. पाच झाल्या ना?"

"पावणेपाच."

"तीन राहू देत. त्या ठेवायच्या."

"कशाला?"

"मला विचारू नका. ठेवायच्या म्हणजे ठेवायच्या."

तीन सिगारी बटरपेपरमध्ये गुंडाळून त्याने पेटीत परत ठेवल्या. पेटी एवढी मोठी आणि आत एवढंसंच. मग तो स्वयंपाकघरात गेला, वाटीत पाणी घेतलं, ड्रॉपर शोधला. तो औषधांच्या डब्यात होता, उरलेल्या गोळ्यांच्या पाकिटांखाली. त्याने पाकिटं बाजूला केली, एक हातात घेऊन त्यावरचं नाव वाचलं, परत ठेवलं. गॅलरीत परत येऊन त्याने स्पंजवर थेंब थेंब पाणी सोडलं.

"पेटी इथेच राहू दे," तो म्हणाला. "सोमवारी कामावर जाताना मी येत जाईन."

"चहा टाकते," वहिनी म्हणाली, आणि आत गेली.